आक्का नापास

आमची गाडी कधी नापास होत नाही, ही माझ्या नवऱ्याची आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई आहे. हे मी त्याच्या तोंडावर म्हणते. त्याला राग येत नाही, उलट मान डोलावतो.

सहा वर्षांपूर्वी आम्ही क्वेकर्स हिलला आलो तेव्हा मेलबर्नला निघालेल्या एका मराठी कुटुंबाकडून अवधूतने ही पांढरी स्टेशन वॅगन घेतली. तेव्हाच ती अकरा वर्षांची होती. मी तिचं नाव ठेवलं आक्का. कुरकुर करते, पण सगळ्यांना सांभाळून नेते. इथे जुनी गाडी दरवर्षी गॅरेजमध्ये तपासून घ्यावी लागते. पास झाली की पिंक स्लिप मिळते, आणि ती मिळाली तरच रेगो, म्हणजे रजिस्ट्रेशन, पुढे चालू. अवधूत त्या स्लिपा फाइलला लावून ठेवतो आणि दरवर्षी मराठी ग्रुपवर मेसेज टाकतो, 'आक्का पास!' मग चाळीस लोक अंगठे पाठवतात. माझी फिजिओथेरपीची इथली परीक्षा पास झाली तेव्हा ग्रुपवर टाकायला तो विसरला होता. असो. असो म्हणतेय, विसरले नाहीये.

आता माझं सांगते. पुण्यात मी चौदा वर्षं स्कूटर चालवली, ती डाव्या अंगठ्यावर. अंगठा म्हणजे हॉर्न. आपल्याकडे हॉर्न वाजवणं म्हणजे 'अहो, मी आलेय हं' एवढंच. इथे तोच आवाज म्हणजे समोरच्याची आईबहीण काढल्यासारखं. हे मला माहीत होतं हो, पण हाताला कोण सांगणार? मार्चमध्ये माझी ड्रायव्हिंग टेस्ट होती. झेब्रा क्रॉसिंगवर वॉकर घेतलेले एक आजोबा चालले होते, अगदी सावकाश. मी थांबले. नीट थांबले. आणि माझ्या तळव्याने, मला न विचारता, एक छोटासा, प्रेमळ 'पी' केला. आजोबा जागच्या जागी थरथरले. शेजारी बसलेल्या परीक्षकाने पेन काढलं आणि माझा निकाल तिथेच लागला.

म्हाताऱ्या माणसांना चालायला शिकवणं हा माझा पेशा, आणि मी एका म्हाताऱ्या माणसाला हॉर्न मारून नापास झाले. घरी येऊन मी ढसाढसा रडले. म्हटलं, मरू दे ते लायसन्स, परत त्या सीटवर बसणार नाही. आमची शाल्मली बारा वर्षांची आहे. ती म्हणाली, "मॉम, जस्ट डोन्ट हॉंक." काय हुशार मुलगी!

अवधूतने दोन दिवस जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी त्याने मला समजावून परत गाडीत बसवलं. कोपऱ्यावर मी सवयीने हॉर्न दाबला तर आवाजच नाही.

"अरे, हॉर्न वाजत नाहीये."

"वाजतोय की," तो म्हणाला. "सेटिंग बदलून घेतलंय. आता फक्त बाहेर ऐकू येतो, आत नाही. आणि बाहेर पण अगदी सौम्य. तू दचकायला नको म्हणून."

अवधूत सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो 'सेटिंग' म्हणाला की मी पुढचं विचारत नाही. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली, हीच पद्धत आहे.

मग काय, तीन महिने मी मनसोक्त हॉर्न वाजवला. सिग्नल हिरवा झाला आणि पुढचा हलला नाही की दाबायचे, आणि तो हलायचाच. राउंडअबाउटला दाबायचे, शाळेसमोर दाबायचे. कुणी वळूनसुद्धा पाहायचं नाही. मला वाटायचं, सौम्य हॉर्न असला की लोक किती सौम्य वागतात! माझा धीर वाढला. पार्किंग जमायला लागलं. आणि मग नोकरी आली. वयस्कर लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे, इथली परीक्षा पास झाल्यापासून तीन वर्षांत मिळालेलं माझ्या शिक्षणाचं पहिलं काम. सोमवारी रुजू व्हायचं, अट एकच, लायसन्स हवं. टेस्ट मिळाली शुक्रवारी सकाळी. आणि आक्काचा रेगो संपत होता गुरुवारी.

"आधी का नाही करून घेतलंस?" मी विचारलं.

"आक्का नापास होतच नाही, मग घाई कशाला?"

गुरुवारी दुपारी चारची गॅरेजची वेळ होती. मी जेवण झाल्यापासून आक्काच्या मागे लागले. धुतली, पुसली, आतून व्हॅक्यूम केली, बॉनेटला हळदकुंकू लावलं. परीक्षेला चाललीये बिचारी. अवधूत घरूनच काम करत होता, पण दर दहा मिनिटांनी बाहेर येत होता.

"तू आत जा ना, मी बघतो. बॉनेट उघडून जरा आतून पुसतो."

"कुंकू पुसलं जाईल. हात लावू नकोस."

"मग चहा कर ना."

"तूच कर."

"आज ऊन फार आहे गं."

जुलै महिना, म्हणजे इथला हिवाळा, अंगात दोन स्वेटर. मला वाटलं, बायकोची काळजी वाटतेय याला. मी विरघळले हो!

गॅरेज चार्लीचं. हा पासष्टीचा, मूळचा माल्टाचा माणूस सगळ्या बायकांना 'लव' म्हणतो. त्याने ब्रेक पाहिले, टायर पाहिले, दिवे पाहिले. कुंकवाला बोट लावून वास घेतला आणि बोट पँटला पुसलं. अवधूत फाइल छातीशी धरून उभा होता, पण यंदा चेहऱ्यावर नेहमीचं तेज नव्हतं. मग चार्ली आत बसला आणि त्याने हॉर्न दाबला. परत दाबला.

"नो हॉर्न, लव."

मी हसले. म्हटलं, आहे, पण तो आत ऐकू येत नाही, तुम्ही बाहेर उभे राहा. चार्ली बाहेर येऊन उभा राहिला. मी आत बसून पूर्ण जोर लावून दाबला. चार्लीने माझ्याकडे पाहिलं, मग अवधूतकडे. अवधूत छताकडे पाहत होता.

"हॉर्नशिवाय स्लिप देता येत नाही," चार्ली म्हणाला. "माझा इलेक्ट्रिकचा माणूस सोमवारी येतो. गाडी ठेवून जा."

सोमवारी! रेगो नाही म्हणजे उद्याची टेस्ट नाही, टेस्ट नाही म्हणजे लायसन्स नाही, आणि सोमवारी त्या ऑफिसात जाऊन मी काय सांगू, आमची आक्का नापास झाली? मी तिथेच टायरांच्या ढिगावर बसले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"सहा वर्षं एकदाही नापास झाली नाही," मी म्हटलं, "आणि नेमकी माझ्या वेळेलाच झाली! माझं नशीबच फुटकं."

अवधूत खाकरला. शर्टाच्या खिशात हात घातला आणि नखाएवढा एक लाल प्लॅस्टिकचा तुकडा काढून चार्लीसमोर धरला.

"देअर यू गो, मेट," चार्ली म्हणाला. "हाच तो हॉर्नचा फ्यूज." बॉनेट उघडून त्याने तो दाबून बसवला. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मग मला म्हणाला, दाब आता. मी दाबला. आतल्या आत असा दणका बसला की मीच दचकले.

स्लिप मिळाली. परत येताना अवधूत चालवत होता आणि मी बोलत होते.

"तीन महिने? तीन महिने तू मला वेड्यासारखं बटण दाबायला लावलंस?"

"तू शिकणंच सोडणार होतीस गं. काय करू? दुपारी परत बसवणार होतो, तू बॉनेटला हात लावू दिला नाहीस."

"म्हणजे चूक माझी!"

"नाही, माझीच आहे. पण एक सांगू? तीन महिन्यांत कुणी तुझ्या हॉर्नने हललं नाही. तू थांबत होतीस, ते आपोआप हलत होते."

ते खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले. त्या दिवशी ग्रुपवर 'आक्का पास' आलं नाही. जेवताना त्याने भाताकडे पाहत हळूच विचारलं, "उद्यापुरता परत काढून ठेवू का? परीक्षकाला काय कळतंय?"

खोटं कशाला बोलू, मोह झाला. तळवा माझा, मला त्याची खात्री नव्हती. एवढा घास गिळेपर्यंत मी विचार केला.

"हात लावून तर बघ आक्काला," मी म्हटलं. "जे व्हायचं ते वाजणाऱ्या गाडीत होऊ दे."

शुक्रवारी परीक्षक तोच होता. त्याने मला ओळखलं, मीही त्याला. सगळं ठीक चाललं होतं, आणि शॉपिंग सेंटरपाशी एक आजीबाई ट्रॉली घेऊन झेब्रावर उतरल्या. मध्यावर थांबल्या. पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. चष्मा असावा. मागे गाड्यांची रांग लागली. माझा तळवा असा खाजत होता म्हणून सांगू! मी दोन्ही हातांनी स्टिअरिंगच्या कडा घट्ट धरल्या आणि मनात म्हटलं, शोधा आजी, सावकाश शोधा, सोमवारपासून मला तुमच्याकडेच यायचंय. चष्मा सापडला. आजींनी माझ्याकडे पाहून हात केला, आणि मीही केला.

पास झाले. पास!

लायसन्सचा कागद घेऊन मी बाहेर आले. पार्किंगमध्ये अवधूत आक्काच्या नाकासमोर पाठमोरा उभा होता, काखेत स्लिपांची फाइल, मान मोबाइलमध्ये. निकाल त्याने काउंटरच्या काचेतून माझ्या चेहऱ्यावरूनच वाचला असणार. मी गुपचूप आत जाऊन बसले. माझा फोन वाजला. ग्रुपवर मेसेज होता. 'मयूरा पास!' खाली लगेच अंगठे यायला लागले होते.

डोळे भरून आले माझे. मग तळवा उचलला आणि स्टिअरिंगच्या मधोमध असा लांबलचक, खास लक्ष्मी रोडचा हॉर्न दिला की अवधूत हातभर उडाला, फोन एकीकडे आणि फाइल एकीकडे.

मी काच खाली केली.

"आत पण ऐकू येतो रे!"