सतरावी ओळ

"भाऊजी, एवढ्या गाठी मारल्यात, तिकडे पोचल्यावर मला सुतार बोलवावा लागेल," मावशी म्हणाली.

चौथ्या खोक्यावर गुडघा टेकवून बाबांनी सुतळीची आणखी एक गाठ आवळली.

"बाबा, खोकी बांधताय की मावशीलाच?" मी विचारलं. मावशी हसली. बाबांनी माझ्याकडे पाहून डोळे वटारले.

नर्सेस क्वार्टर्समधली ती खोली शनिवारी सकाळीच ओकीबोकी दिसायला लागली होती. बत्तीस वर्षं वॉर्डात काढून मावशी निवृत्त झाली होती. खोली सोमवारी सोडायची, आणि त्याच सकाळच्या गाडीनं एका जुन्या मैत्रिणीकडे कायमचं राहायला जायचं. जायला उरले जेमतेम दोन दिवस. पुन्हा कधी भेटणार, हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच तोंडातून काढत नव्हतं.

माय मरो पण मावशी जगो, असं लोक सहज म्हणून जातात. माझ्या बाबतीत ते शब्दशः खरं झालं. आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. मावशीनं आधी आपल्या बहिणीची शुश्रूषा केली, मग माझे ताप काढले, परीक्षा सोसल्या, रडणं ऐकलं. तिनं स्वतःचं लग्न केलं नव्हतं. दर रविवारी चर्च सुटलं की ती आमच्याकडे जेवायला यायची, आणि बाबा शनिवारी संध्याकाळीच शर्टाला इस्त्री करून ठेवायचे. चर्चसाठी, असं त्यांचं म्हणणं. पण चर्चमध्ये तर ते रोजच जायचे, तेही चुरगळलेल्या शर्टात. चर्चची देखभाल हीच त्यांची नोकरी होती. घंटा वाजवायची, झाडलोट करायची, पितळ घासायचं, गीतांचे आकडे फळ्यावर लावायचे.

तीन वर्षांपूर्वी मी धीर करून म्हटलं होतं, "बाबा, मावशीशी लग्न का नाही करत?" ते आधी लाल झाले, मग पांढरे. "नियमात बसत नाही," एवढंच म्हणाले आणि बादली घेऊन पाणी भरायला गेले. नळाला पाणी नव्हतं तरी बराच वेळ तिथेच उभे होते. मला वाटलं, लोक काय म्हणतील या भीतीनं ते गप्प आहेत. मावशीला विचारायचा माझा धीरच झाला नाही.

त्या शनिवारी दुपारी आम्ही बापलेक चर्चमध्ये गेलो. भिंतींना रंग द्यायचा होता म्हणून सगळ्या पाट्या उतरवायच्या होत्या. नवे पाळक बाह्या सरसावून आधीच कामाला लागले होते. हा माणूस माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा, प्रवचन छोटं देतो आणि खुर्च्या स्वतः उचलतो, म्हणून सगळ्या मंडळीला आवडायचा. मी शिडी धरली आणि बाबा दाराजवळची ती काळ्या चौकटीतली मोठी पाटी काढायला चढले.

ही पाटी मला पाठ होती. कोणी कोणाशी लग्न करू नये, त्याची छापील यादी. डावीकडे पुरुषांसाठी तीस ओळी, उजवीकडे बायकांसाठी तीस. पुरुषाची पहिली ओळ, आजी. "आजीशी कोण लग्न करतं?" असं मी सातव्या वर्षी विचारलं होतं, तेव्हा बाबा गंभीरपणे म्हणाले होते, "लिहून ठेवलेलं बरं." पुढे बापाच्या भावाची बायको, आईच्या भावाची बायको. सरळ चुलती, मामी म्हणायचं सोडून एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, ते मला कधीच कळलं नाही. बाबा मात्र दर आठवड्याला तिची काच पुसायचे. देवाघरचा कायदा आहे, त्यावर धूळ नको, म्हणायचे.

"अरे वा, ही अजून इथे आहे?" पाळक खालून मान उंचावून वाचत म्हणाले. "बरीच जुनी दिसते. हिच्यात तर बायकोची बहीणसुद्धा आहे!" आणि ते मोठ्यानं हसले.

"सतरावी ओळ," बाबा वरून म्हणाले. त्यांनी पाटीकडे पाहिलंही नाही.

"हो. ती तर केव्हाच काढून टाकली."

शिडी हलली. मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"काय काढून टाकली?" बाबांनी विचारलं.

"ती ओळ. बायको वारल्यावर तिच्या बहिणीशी लग्न करायला आता चर्चची हरकत नाही."

बाबा पाटी छातीशी धरून एकेक पायरी खाली उतरले. "असं कसं होईल? नवरा-बायको एकदेह. मग तिची बहीण ती आपलीही बहीणच झाली. मी तर असंच शिकलोय."

"पूर्वी तसंच मानायचे," पाळक म्हणाले. "मोठमोठ्या विद्वानांनी त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली, जन्मभर भांडले. शेवटी ठरलं की हे नातं रक्ताचं नाही. तुमचा जन्मही नसेल झाला तेव्हा. इथली पाटी बदलायची तेवढी राहून गेली."

"छापील आहे?"

पाळकांनी आतून पुस्तक आणलं. बाबांनी चष्मा लावला, बोट ठेवलं आणि नवी यादी वरून खाली वाचली. मग पुन्हा वाचली. "आजी आहे," ते पुटपुटले. "सासू आहे." ते तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा मी हळूच पुस्तक मिटलं. बायकोची बहीण कुठेच नव्हती. त्यांचा चेहरा पाहून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लोकांची भीती वगैरे काही नव्हतं. हा माणूस दर आठवड्याला स्वतःच्या हातानं आपल्याच शिक्षेची काच पुसत होता.

"मी जरा जाऊन येतो," बाबा म्हणाले.

"आणि संध्याकाळची घंटा?" पाळकांनी विचारलं.

"तुम्ही वाजवा."

सव्वीस वर्षांत बाबांनी ती घंटा दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नव्हती. ताप आला तरी मफलर गुंडाळून जायचे. पाटी काखेत मारून ते निघाले, मी मागे धावले. "बाबा, निदान शर्ट तरी बदला!"

"राहू दे," ते म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घरी तसाच राहिला.

मावशी खोक्यावर बसून चहा पीत होती. बाबांनी पाटी तिच्यासमोर दुसऱ्या खोक्यावर ठेवली. धाप लागली होती, केसांत जळमटं होती.

"धाकटे, हे वाच."

"वाचलंय मी."

"यातली सतरावी ओळ रद्द झालीय. आज नाही, केव्हाच. मला आज कळलं."

मावशीनं कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "सतरावी तुमच्या बाजूला. माझ्या बाजूला अठरावी आहे."

बाबांना कळायला वेळ लागला. मला नाही लागला. बायकांच्या यादीतली अठरावी ओळ, बहिणीचा नवरा.

"तू कधी वाचलीस?"

"ताईला जाऊन वर्ष झालं, त्या रविवारी. तुम्ही दारात गीतांची पुस्तकं गोळा करत होतात. कॉलर उलटी झाली होती. नीट करायला हात उचलला आणि समोर ही पाटी. अठराव्या ओळीपर्यंत वाचलं आणि हात मागे घेतला."

"म्हणजे अकरा वर्षं..."

"अकरा वर्षं, भाऊजी!" आता तिचा आवाज चढला. वॉर्डात ज्या आवाजाला डॉक्टरही वचकून असायचे, तोच. "रोज त्या चर्चमध्ये असता तुम्ही! इतके पाळक आले नि गेले, एकाला तरी विचारायचंत!"

"तू तरी कुठे विचारलंस?"

"मी काय विचारू? पाळकसाहेब, माझे भाऊजी मला आवडतात, काही सोय होईल का?"

हे बोलून तिनं तोंडावर हात ठेवला. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. मी तर आधीच सुरू केलं होतं. बाबा मधोमध उभे, कुणाला गप्प करावं ते न कळून.

"मग सोमवारची गाडी?" ते शेवटी म्हणाले.

"आधी नीट विचारा."

बाबांनी केसांतली जळमटं झटकली. "माझ्याशी लग्न करशील का?"

"करीन. ही खोकी तेवढी तुम्हीच सोडायची."

तेवढ्यात लांबून घंटा ऐकू आली, कशीतरी अडखळत, दोन ठोके एकदम. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "दोर फार खेचतोय तो," ते म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.

मग तीन रविवार वेदीसमोरून त्यांच्या लग्नाची सूचना वाचली गेली. कोणाला काही अडचण माहीत असेल तर त्याने सांगावे, असं पाळकांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा बाबांनी श्वास रोखून धरला. तिसऱ्या वेळी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आता करून टाका बाबा!" आणि भरल्या उपासनेत मंडळी हसली.

लग्नाच्या सकाळी आम्ही तिघं आधी आईच्या थडग्यापाशी गेलो. बाबांनी कडेचं गवत उपटलं, मावशीनं फुलं ठेवली. ती बराच वेळ वाकून उभी होती. काय बोलली ते मी ऐकलं नाही आणि विचारलंही नाही.

चर्च भरलं होतं. मावशीच्या हाताखालच्या नर्सेसनी तीन बाकं अडवली होती. आशीर्वादासाठी दोघं वेदीपुढे गुडघे टेकून बसले, आणि एरवी सगळं थोडक्यात आटोपणारे आमचे पाळक त्या दिवशी नेमके लांबले. त्यांनी जुन्या प्रार्थनापुस्तकातली एकही प्रार्थना सोडली नाही. बाबा एकसष्ट वर्षांचे, मावशी अठ्ठावन्नची. अकरा वर्षांपूर्वी दोघं टुणकन उठले असते, हे मनात आलं.

आमेन झालं. दोघांपैकी कुणीच उठेना. मी हात द्यायला पुढे झाले, तर मावशीनं मानेनंच नको म्हटलं. तिनं आपला हात बाबांच्या काखेत घातला, वॉर्डात पेशंटला उठवताना घालायची तसा.

"तीन म्हटलं की उठायचं," ती म्हणाली. "एक... दोन..."

बाबा दोनलाच उठले.