आधी पुसा, मग तपासा

ऑफिसात तिला सगळे वहिनी म्हणत. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे. याला कारण धाकटा. धाकटा म्हणजे तिचा सख्खा दीर. तो तिच्यामागून याच कंपनीत लागला आणि पहिल्याच दिवशी भर हॉलमध्ये ओरडून विचारता झाला, वहिनी, माझा डबा तुझ्या पिशवीत राहिला का? त्या दिवसापासून तिचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा शाळेत होता आणि सासूबाई आधीच गेलेल्या होत्या. त्याच्या बुटाच्या नाड्या, त्याचे पाढे, त्याचे ताप, सगळं हिनंच बघितलं. पुढे स्वतःला मूल झालं नाही, तेव्हा लोकांनी हळहळून घेतलं; हिनं फारसं मनाला लावून घेतलं नाही. घरात एक होतंच की.

कंपनी राउटर बनवायची. हॉस्पिटलं, बँका, कचेऱ्या यांच्या एखाद्या कोपऱ्यात दिवे लुकलुकवत बसलेली ती पेटी. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, पण तिथली सगळी माहिती ये-जा करते ती तिच्यातूनच. पेटी चालते आतल्या सॉफ्टवेअरवर. ते सगळं एका गठ्ठ्यात बांधून येतं, त्याला इमेज म्हणतात. गठ्ठ्यावर कंपनीची सही असते. पेननं केलेली नव्हे, गणितानं केलेली. आतलं एक अक्षर कुणी इकडचं तिकडे केलं की सही जुळत नाही. पेटी चालू झाली की आधी सही तपासते आणि जुळली तरच गठ्ठा उघडते. सगळा भरवसा या एका तपासणीवर. ती तपासणी लिहिली होती धाकट्यानं, आणि तपासणी नीट होते की नाही हे तपासायची वहिनी. एकाच घरातल्या दोघांकडे कुलूप आणि किल्ली द्यावी की नाही, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नव्हता.

तिची पद्धत साधी होती. चांगला गठ्ठा घ्यायचा आणि त्यात मुद्दाम खोडी करायची. पेटी सुरू होताना पडद्यावर कंपनीची स्वागताची ओळ येते, त्या ओळीच्या जागी ती लिहायची, 'मी चोर आहे'. हा खोटा गठ्ठा पेटीत घालायचा. पेटीनं तो नाकारला की वहिनीचा होकार, आणि वहिनीचा होकार आला की माल बाहेर. त्याशिवाय नाही, असा नियमच होता.

दुसरा नियम तिचा स्वतःचा. टेबलामागच्या फळ्यावर ठळक अक्षरात लिहून ठेवलेला: आधी पुसा, मग तपासा. म्हणजे आधीच्या परीक्षेचं खरकटं पेटीत राहता कामा नये. प्रत्येक वेळी पेटी आतून कोरी करायची आणि मगच नवा गठ्ठा घालायचा. हाताखालची मंडळी हसायची, वहिनी राउटरलासुद्धा पोतेरं मारतात म्हणायची, पण नियम पाळायची. इतक्या वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता.

मोडला तो वहिनीकडूनच. एका दुपारी काम चालू असताना वीज गेली आणि आली. कुठवर आलो होतो याचा तिला घोळ झाला, आणि पेटी न पुसताच तिनं खोटा गठ्ठा आत घातला. आधीचा चांगला गठ्ठा आत तसाच. पेटी सुरू झाली. पडद्यावर ओळ आली: सही तपासली, ठीक. आणि तिच्याखाली दुसरी: मी चोर आहे.

वहिनीनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला. ओळी तिथंच होत्या.

संध्याकाळपर्यंत तिला सगळं उलगडलं. पेटीत दोन गठ्ठे ठेवायची सोय मागाहून आली होती, एक चालू आणि एक अडीनडीला. धाकट्याची तपासणी मात्र जुन्याच वळणाची. ती पहिल्या जागेवरच्या गठ्ठ्याची सही बघायची आणि पेटी उघडायची दुसऱ्या जागेवरचा नवा. दारात एकाचं ओळखपत्र बघायचं आणि आत भलत्यालाच सोडायचं, असला कारभार. मग इतके दिवस सापडलं कसं नाही? कारण पुसलेल्या पेटीत एकच गठ्ठा असतो. गिऱ्हाइकांच्या पेट्या पुसत कोण बसतंय? तिथे कायम दोन. तिच्याच स्वच्छतेनं इतकी वर्षं घाण झाकून ठेवली होती. याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणूनच ती पहिल्यांदा साहेबांकडे गेली नाही, धाकट्याकडे गेली.

धाकटा आधी हसला. मग पडदा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. मोठे साहेब लवकरच वरच्या जागी जाणार होते आणि त्यांची खुर्ची धाकट्याला मिळणार हे जवळपास ठरलेलं होतं. दुरुस्ती तयार होईपर्यंत कुणाला बोलू नकोस, एवढं त्यानं मागितलं. तिनं दिलं. शाळेत असताना खिडकीची काच फोडून तो असाच तिच्याजवळ येऊन उभा राहायचा, आणि खोटं कधी बोलायचा नाही. ते तिच्या डोळ्यांपुढे होतं.

दुरुस्ती चांगली केली त्यानं. पोरगा हुशार, त्यात वाद नाही. कोऱ्या पेटीत, दोन गठ्ठ्यांच्या पेटीत, सगळीकडे चोर दारातच अडला. मग वहिनीनं एक पेटी अशी घेतली की जिच्यात चोर आधीच शिरून बसलेला आहे, आणि तिच्यात ती दुरुस्ती घातली. पेटी म्हणाली: दुरुस्ती बसली. सही तपासली, ठीक. आणि खाली: मी चोर आहे.

तसंच व्हायचं होतं. नवा गठ्ठा आत घेण्याचं काम आत चालू असलेला गठ्ठाच करतो. तोच चोर असेल तर तो कशाला स्वतःला हाकलेल? तो दुरुस्ती बाहेरच्या बाहेर फेकून देणार आणि वर दुरुस्ती बसली म्हणून सांगणार. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या. यावर उपाय एकच होता. प्रत्येक पेटीपाशी माणूस पाठवायचा, पेटी उघडून, तार जोडून आतून कोरी करायची आणि पहिल्यापासून भरायची. आणि त्याआधी सगळ्या गिऱ्हाइकांना खरं काय ते सांगायचं. हे होईपर्यंत होकार देणार नाही, असं तिनं धाकट्याला सांगितलं.

"वहिनी, आपलेच दात, आपलेच ओठ," तो म्हणाला. "एवढं नको ना चावूस."

"दात किडलाय एवढंच सांगतेय रे," ती म्हणाली.

मग बैठक झाली. मोठे साहेब झाकली मूठ सव्वा लाखाची मानणारे गृहस्थ. एका तरी गिऱ्हाइकाकडे चोर शिरल्याचा पुरावा आहे का, असं त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, पेटी स्वतःच सगळं ठीक म्हणून सांगते, तर पुरावा येणार कुठून? साहेब म्हणाले, साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नाही. सगळ्या गावभर माणसं पाठवायची म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःची अब्रू वेशीवर टांगायची. मग ते धाकट्याकडे वळले. तपासणी तुमची, दुरुस्ती तुमची, तुम्हीच सांगा.

वहिनी निर्धास्त होती. होय म्हणायला त्याला जड जाईल हे तिला कळत होतं, पण तो नाही म्हणेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

धाकटा टेबलाकडे बघत हसला. "वहिनींचा स्वभावच आहे तसा, साहेब," तो म्हणाला. "घरातसुद्धा गॅस बंद केलाय का ते चार-चारदा उठून बघतात. आम्हाला आता सवय झालीय."

सगळे हसले. कुणी वाईट मनानं हसलं नाही, आणि तेच वाईट होतं. आपल्या घरी अशी एक बाई असतेच, अशा मायेनं हसले. वहिनी समोरचं पाणी प्यायली. गॅसचं खरं कारण तिला आणि त्याला, दोघांनाच माहीत होतं. लहानपणी एकदा त्यानं दूध तापत ठेवलं, ते उतू जाऊन गॅस विझला आणि हा तिथेच ओट्याखाली झोपून गेला. ती बाजारातून आली, दार उघडलं तर वास. तिनं त्याला फरफटत बाहेर काढलं आणि नवऱ्याला सांगितलं, माझ्याकडूनच राहिला चालू. त्यावरून तिनं बोलणी खाल्ली. तेव्हापासून ती उठून गॅस बघते.

पुढचं सगळं रीतसर झालं. किरकोळ दुरुस्तीला विभागप्रमुखाचा होकार पुरे, असा नवा नियम आला. मोठे साहेब वर गेले होते, तेव्हा विभागप्रमुख कोण, हे सांगायला नको. दुरुस्ती सगळीकडे गेली आणि सगळ्या पेट्यांनी ती बसल्याचं कळवलं. घरी नवऱ्यानं तिची समजूत घातली, की त्याचे हे चढायचे दिवस आहेत, तू मोठी आहेस, सोडून दे. मोठं असणं म्हणजे कायम सोडून देणं, हा त्या घराचा जुनाच हिशेब होता. धाकट्यानं नवीन जागा घेतली आणि तो तिकडे राहायला गेला. कामं फार असतात म्हणून येणं कमी झालं.

मग एका हॉस्पिटलातून बोंब उठली. रुग्णांचे रिपोर्ट, कुणाला कसला आजार, कुणाला घरच्यांपासूनही काय लपवायचं होतं, सगळं बाहेर फिरत होतं. त्यांची माणसं सगळीकडे शोधून दमली. राउटरवर कुणी संशय घेतला नाही; तो बिचारा रोज ठीक म्हणून सांगत होता. शेवटी कुणीतरी पेटी उघडली आणि आत चोर सापडला, दुरुस्तीच्याही कितीतरी आधीपासून बसलेला.

चौकशी झाली. ही तपासणी इतकी वर्षं पास कुणी केली? प्रत्येक वेळी होकार वहिनीचा. आणि दुरुस्ती कुणी केली? धाकट्यानं. कागदावर बघावं तर हिनं भोक ठेवलेलं आणि त्यानं बुजवलेलं. बैठकीत ती काय म्हणाली होती ते कुणाला आठवेना. तिला गॅस बघायची सवय आहे, एवढं मात्र आठवलं. तिला फुलांचा गुच्छ देऊन घरी बसवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. निरोपाच्या दिवशी धाकटा रजेवर होता. जाताना तिनं फळा पुसला.

एका रविवारी दुपारी तो आला. चप्पल दारातच काढून बाहेरच्या खोलीत बसला, पूर्वी थेट स्वयंपाकघरात जायचा. आणखी पेट्यांत चोर सापडले होते. आता सगळ्या पेट्या हातानं पुसायच्या होत्या आणि साहेबांनी वहिनींना परत बोलवायला सांगितलं होतं, त्यासाठीच तो आला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. परत येणार नाही म्हणाली, पण कसं पुसायचं, काय आधी काढायचं, पेटीच्या कुठल्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही, ते सगळं त्याला समजावून सांगितलं. त्या रुग्णांनी काय घोडं मारलं होतं? दोनदा सांगितलं, जसे पाढे सांगायची. त्यानं मान खाली घालून ऐकलं. नवरा आतल्या खोलीतून बाहेर आलाच नाही.

काम संपलं तरी धाकटा उठेना. त्याचे डोळे भरले होते.

"वहिनी, मी चुकलो," तो म्हणाला. "झालं गेलं विसरून जा ना. पूर्वीसारखं होऊ दे."

तिला वाटलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा. हात उचललाही गेला होता. मग तिला त्याचं ते टेबलाकडे बघून हसणं आठवलं, आणि हे रडणं खरं की तसलंच, हे आपल्याला आता ओळखता येत नाही, हे तिच्या लक्षात आलं. याचं तिला त्या हसण्यापेक्षाही जास्त वाईट वाटलं.

"आत शिरलेल्यावर वरून नवं बसवून भागत नाही, आताच सांगितलं ना तुला," ती म्हणाली. "सगळं पुसावं लागतं. आणि तुझं सगळं पुसायला घेतलं तर तुझे पाढे, तुझे ताप, ते पण जाणार रे. मग माझ्याकडे काय उरलं?"

तो उठला, दारातली चप्पल घातली आणि गेला. त्याची पावलं जिन्यावरून खाली जाईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि तिनं गॅस बघितला. बंद होता. तिनं पुन्हा एकदा बघितला.