प्रभूने दाखवलेलं नाव

दापोड्याच्या त्या बंद पडलेल्या गोदामात रविवारी सकाळी प्रार्थनेला पाय ठेवायला जागा नसे. पत्र्याखाली पंखे गरगरत, कीबोर्ड घुमत राही. मग पांढऱ्या सुटातले पास्टर विपुल कपाळाला बोटं लावून उभे राहिले की सगळे चिडीचूप.

"दिख रहा है... प्रभू दाखवतोय मला! तिसऱ्या रांगेत एक बहीण आहे. तिचं एक लेकरू गेलंय. नाव... ज... जुई! कोण आहे जुईची आई?"

रूपाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिच्या लेकीच्या, पूर्वाच्या आधी झालेली मुलगी जन्मतःच गेली होती. मनातल्या मनात ठेवलेलं ते नाव तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ती हुंदके देत पुढे गेली. "हालेलुया!" गोदाम दणाणलं. मेघाली धावत आली आणि तिला मिठी मारून रडली.

मेघाली ही धामणकर नाक्याजवळच्या चाळीतली तिची शेजारीण. पूर्वाला फिट यायला लागल्या तेव्हा रूपाच्या सासरच्यांनी तोंड फिरवलं. रिक्षा थांबवून दवाखान्यात आली ती मेघालीच. तिनेच रूपाला या मंडळीत आणलं. बायकांचा प्रार्थना-गट तीच चालवायची. "मी तुझी प्रभूतली बहीण," म्हणायची, आणि रूपाला सख्खी बहीण मिळाल्यासारखं वाटायचं.

जुईचं नाव निघालं त्याच दिवशी पास्टरांनी पूर्वाच्या डोक्यावर हात ठेवला. "गोळी म्हणजे शंका! जिथे गोळी तिथे विश्वास नाही. आजपासून बंद!"

ज्याला जुई दिसली, त्याला पूर्वा दिसणार नाही? रूपाने गोळ्यांची पाकिटं कचऱ्यात टाकली.

आठवड्याभरातच पूर्वा शाळेच्या जिन्यावर फिट येऊन कोसळली. एक फिट ओसरते न ओसरते तोच दुसरी. जीभ दातांखाली चिरडली, कपाळाला टाके पडले. पोर शुद्धीवर येईपर्यंत रूपा दवाखान्यात खाटेचा दांडा धरून उभी होती.

डॉक्टर लोपीस वसईच्या ख्रिस्ती घरातल्या. त्या ओरडल्या नाहीत. "गोळ्या एकदम बंद केल्या म्हणून हे झालं. मीही दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाते, रूपा. पण फिटवर औषधच देते."

"पण मॅडम, त्यांनी जुईचं नाव सांगितलं! कुणालाच माहीत नव्हतं."

"कुणालाच?"

"फक्त मेघालीला. प्रार्थनेसाठी सांगितलं होतं."

"मग तिलाच एखादी न घडलेली गोष्ट सांग. देव काही खोट्या गोष्टीला फसायचा नाही."

रूपाला डॉक्टरांचा रागच आला. तरी तिने ते केलं, मेघाली खरी ठरावी म्हणून. चहा पिता पिता तिने सांगितलं, की तिचा एक भाऊ आहे, हरेश. वडिलांनी घरातून काढलाय, बोईसरला बेकरीत कामाला असतो. मेघालीने तिचा हात हातात घेतला. "मी प्रार्थना करीन गं."

पुढच्या रविवारी रूपा देवाकडे एकच मागत होती: हे नाव त्यांच्या तोंडून येऊ देऊ नकोस.

"आग दिसतेय... भट्टी... पावाचा वास!" पास्टर थरथरले. "ह... हरेश! रूपाताई, तुमचा भाऊ रडतोय. तो घरी येणार!"

"हालेलुया!"

रूपा उठली. "मला भाऊ नाही."

कीबोर्ड थांबला.

"बहीण, हा... आत्मिक भाऊ!"

"आत्मिक भाऊ बेकरीत पाव भाजतो का, पास्टर? हरेश नावाचं कुणी नाहीच. मी रचलेली गोष्ट आहे ती, आणि एकाच माणसाला सांगितली होती."

"सैतान बोल रहा है इसके अंदर से! माईक काढून घ्या..."

रूपाकडे माईक नव्हताच. मागून अंजूर गावची काशी उठली आणि आपला प्रार्थना-गट चालवणाऱ्या बाईकडे वळली. "माझ्या नवऱ्याच्या दारूचं मी तुलाच सांगितलं व्हतं. दुसऱ्या कोनाला न्हाय. तूच सांगितलंस ना यांना?"

ती बाई खाली बघू लागली. मग रांगेरांगेतून माणसं आपापल्या गटप्रमुखाकडे बघायला लागली. पास्टर मागच्या दाराने गाडीत जाऊन बसले.

संध्याकाळी मेघाली दारात आली. "पास्टर म्हणायचे, कुणाचं दुःख काय ते आधी कळलं तर प्रार्थना नेमकी होते. सगळ्या गटांतून व्हॉइस मेसेज जायचे, मीही पाठवायचे. मला वाटलं, सेवाच करतेय."

"जुईचं नाव त्यांनी माईकवर घेतलं तेव्हा तू मला मिठी मारून रडलीस. ते नाव कुठून आलं, तुला ठाऊक होतं ना?"

मेघाली दारातून एक पाऊल मागे सरली.

"मी गोळ्या कचऱ्यात टाकल्या तेव्हाही तुला ठाऊक होतं. माझं पोर मेलं असतं, मेघाली."

रूपाने दार लावून घेतलं. आतून कडी घालताना तिला रडू आलं. पास्टर खोटे निघाल्याचं दुःख एवढं नव्हतं. ज्या खांद्यावर डोकं ठेवून ते सगळं सांगितलं होतं, तो खांदा गेला होता.

आता काही बाया काशीच्या घरी प्रार्थनेला जमतात. तिथे कुणाला काही दिसत नाही. गाणी होतात, चहा होतो. नवीन बाई आली की रूपा तिला सरळ सांगते, "श्रद्धा ठेव, मीही ठेवते. पण 'मला दिसलं' म्हणणाऱ्याला आधी विचार, तुला कुणी सांगितलं? आणि लेकराचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही शब्दावर बंद करू नकोस. प्रश्न विचारला म्हणून देव रागावत नाही. रागावतो तो, ज्याचं बिंग फुटणार असतं."