शंभरातले सात

बटणांच्या कारखान्याच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर फुंकरबाबा, आणि त्यांच्यामागे दरवाजाएवढा फलक. फलकावर दोन खांब रंगवलेले: एक काळा, एक हिरवा.

"माझ्या फुंकरीआधी या वस्तीत शंभर माणसांना विचारलं, दम लागतो का? एकतीस जण हो म्हणाले!" बाबांनी काळ्या खांबावर छडी आपटली. "मग सात दिवस मी वस्तीवर फुंकर घातली. पुन्हा शंभर जणांना विचारलं. किती?"

"चोवीस!" पटांगण ओरडलं.

"सात माणसं बरी झाली! मी श्रद्धा ठेवा म्हणत नाही. मी आकडे दाखवतो. घ्या आता शंका!"

कोण घेणार? आकड्याशी भांडायची सगळ्यांनाच भीती. हिरवा खांब काळ्याच्या निम्म्याला होता, कारण खांब शून्यापासून नव्हे, सतरापासून काढले होते. तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलं होतं, पण ते वाचायला फलकाजवळ जावं लागे, आणि जवळ जाणारे डोळे मिटून जात.

बाबांची अट एकच. "फुंकर आणि दम्याचा पंप एका छातीत नांदत नाहीत. पंप टोपलीत टाका, मगच फुंकर."

पहिल्या रांगेत कारखान्यातली तपासनीस बाई आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला धरून उभी होती. मुलगी माझी विद्यार्थिनी. दमा जुना, पण सकाळ-संध्याकाळच्या पंपावर ती धावायची, भांडायची, पाढे सगळ्यांच्या आधी म्हणायची. बाईने पंप टोपलीत टाकला. बाबांनी मुलीच्या छातीवर फुंकर घातली. मुलगी खोकली, बाबा झटकन मागे सरकले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चार दिवसांनी दवाखान्यातली नर्स शाळेत आली. "मास्तर, मी नवा पंप घेऊन गेले होते. बाईने दार उघडलं नाही. तुमचं ऐकेल."

मी गेलो. बाईने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं.

"पंपाची सवय लागते म्हणतात," ती म्हणाली. "जन्मभर ओढत बसायचं का पोरीने? आणि मास्तर, तुम्हीच शिकवता ना, ऐकीव गोष्टी सोडा, आकडा बघा? शंभरातले सात कमी झाले. हा आकडाच आहे."

"ते सात कोण?"

"म्हणजे?"

"बरे झालेले. एकाचं तरी नाव सांगा."

नाव कुणालाच सांगता येणारच नव्हतं. वस्ती चार हजारांची. आधीचे शंभर वेगळे, नंतरचे शंभर वेगळे. एकाही माणसाला दोनदा विचारलेलं नव्हतं.

"नाव नसलं म्हणून आकडा खोटा होतो का?" ती म्हणाली.

आतून मुलीचा आवाज आला. "मास्तर, उद्या येऊ शाळेत?" एवढं बोलताना ती दोनदा थांबली.

मी तिथेच बसून राहायला हवं होतं. पण मला वाटलं, एकीला पटवून काय होणार, सगळ्यांना एकदमच डोळ्यांनी बघू दे. त्या तयारीत माझे पाच दिवस गेले.

कारखान्यात माल तपासायची एक पद्धत आहे. शंभर खळग्यांची पाटी पोत्यात खुपसून हलवली की एकेका खळग्यात एकेक बटण बसतं. मग फुटकी किती, ते मोजायचं. त्याच पोत्यातून सकाळी सहा फुटकी निघतात, दुपारी अकरा. म्हणून कुणी यंत्र बंद करत नाही. नव्या मुली घाबरल्या की हीच तपासनीस बाई दटावायची, "एका पाटीवरून बोंब मारू नका गं!"

शनिवारी पाळी सुटल्यावर मी पटांगणात बादली ठेवली. बाबाही आले; गर्दी असली की त्यांना राहवत नसे.

"हजार बटणं आहेत," मी म्हणालो. "पावणेतीनशे काळी, बाकी पांढरी. काळं म्हणजे दम लागणारं. बाई, पाटी तुम्ही भरा. तुमच्या हातावर सगळ्यांचा भरवसा आहे."

तिने पाटी खुपसली. बत्तीस काळी. ती परत टाकून, ढवळून पुन्हा खुपसली. तेवीस.

मी बाबांसारखी छडी आपटली. "नऊ बटणं बरी झाली! फुंकरसुद्धा न घालता!"

हशा पिकला.

"बटणांना श्रद्धा नसते!" बाबा ओरडले.

"मग बरी कशी झाली?" मागून पॅकिंगवाला ओरडला, आणि हशा आणखी वाढला.

दुसरी जोडी सव्वीस आणि एकोणतीस. तिसरी चोवीस आणि एकतीस. बाई त्या एकतीस बटणांकडे बघत राहिली. तिने पाटी खाली ठेवली, फाटकाशी उभ्या असलेल्या नर्सकडे गेली आणि म्हणाली, "पंप दे." दोघी पळत सुटल्या.

आम्ही थांबलो नाही. पाटी दुसरीने घेतली. वीस जोड्या झाल्या. सहा जोड्यांत फरक सात किंवा त्याहून जास्त. बादली तीच, बटणं तीच.

"शंभर-शंभर उचलली की बारा-तेरापर्यंतचा फरक नुसत्या उचलण्याने पडतो," मी सांगितलं. "त्यापलीकडे गेला, तर विचार करू. सातावरून फुंकर खरी ठरत नाही. आणि नर्सने चौकशी केली आहे, बाबांनी असंच सहा वस्त्यांत विचारलं. तीन ठिकाणी आकडा हलला नाही, दोन ठिकाणी वाढला. फलक रंगवला तो फक्त आपला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांना पटांगणातला फलक डोक्यावर घेऊन पळताना पाहून लोक पोट धरून हसले. मीही हसलो.

तेवढ्यात नर्स परत आली. तिच्या हातात पंप तसाच होता, न वापरलेला. "दार उघडलं तेव्हा श्वास नव्हता," ती म्हणाली. "फार वेळ झाला नव्हता. अंग गरम होतं."

दुसऱ्या दिवशी बाबांना शोधायला कुणी गेलं नाही. बाई मात्र जवळच होती. "आईनेच मारली," नळावर बायका तिला ऐकू जाईल असं म्हणत होत्या. त्यांतल्या निम्म्यांनी आपल्या मुलांचे पंप त्याच टोपलीत टाकले होते. त्यांची मुलं जगली, एवढाच फरक. आणि तोही नुसता योगायोग.

मुलांनो, उद्या तुम्हालाही कुणीतरी दोन आकडे दाखवील आणि म्हणेल, बघा चमत्कार. त्याला विचारा, किती जणांना विचारलंस? तीच माणसं होती का? एवढा फरक काहीही न करता पडला असता का? आणि जे आकडे दाखवत नाहीस, ते कुठे आहेत? तो चिडेल. चिडू दे. पण उत्तर तपासून होईपर्यंत चालू असलेलं औषध एक दिवसही सुटता कामा नये. आधी औषध पोचवा. बाकीच्यांना पटवायला नंतर वेळ मिळतो.