मजीदभाईंची दिवाळखोरी

मजीद परकार दिवाळखोर व्हायला निघाला होता, आणि तेही इस्त्रीचा शर्ट घालून. हसू नका. रविवारी कतारमधल्या अल खोरला कंपनीच्या बसवर ड्रायव्हर म्हणून रुजू व्हायचं होतं आणि लायसन्सच अडकून पडलं होतं. रविवार चुकला की नोकरी खलास. नोकरी नाही तर व्हिसा नाही, मग बायकोपोरीला घेऊन गुपचूप रत्नागिरी गाठायची.

लायसन्स अडकलं ते त्याच्याच भिडस्तपणामुळे. अल रुवैसला अकरा वर्षं त्याने मासळीचं दुकान चालवलं. दुकानाचा कागद कफिलाच्या नावावर, म्हणजे कतरी भागीदाराच्या. तेव्हा सगळ्यांचं तसंच असायचं. पुढे दोह्याला मासळी पोचवायला व्हॅन घ्यायची वेळ आली. पण सहीसाठी त्या भल्या माणसाला पुन्हा कुठे त्रास द्यायचा, म्हणून या शहाण्याने व्हॅन स्वतःच्या नावावर घेतली. ठेवलेल्या ड्रायव्हरने ती अशी पिटाळली की वाटेतला एक कॅमेरा सोडला नाही. दंड मजीदच्या नावावर चढत गेले आणि हा आपला ‘बघू, भरू’ करत बसला. मग ड्रायव्हर मुलूख गाठून मोकळा झाला, दुकान बुडालं, आणि दंड भरल्याशिवाय लायसन्स काही रिन्यू होईना. भरायला होतं काय?

दिवाळखोरी जाहीर केली की दंड सुटतात, ही कल्पना हनियाची, त्याच्या मुलीची. ती शिकते इंग्रजी शाळेत, बोलतेही तसंच.

"अब्बा, पीपल डू धिस इन अमेरिका. यू गेट युवर लायसन्स बॅक."

दोन दिवस मजीदला अन्न गोड लागलं नाही. परकारांच्या घरात दिवाळं काढायचं? तिसऱ्या दिवशी त्याने लाज गिळली आणि दोह्यात मुशैरिबला वकिलाच्या ऑफिसात जाऊन बसला. तिथे कामाला असलेला देवव्रत पुण्याचा, म्हणजे निदान मराठीत तरी रडता येणार होतं. देवव्रतने कागद एकेक करून पाहिले.

"मजीदभाई, इथे दिवाळखोरी व्यापाऱ्याला मागता येते. हे दुकान कोणाचं?"

"माझं."

"कागदावर?"

मजीदने कफिलाचं नाव सांगितलं.

"मग अर्ज त्यांनी करायचा. आणि त्यांचं काही बुडालेलं दिसत नाही."

"पण साहेब, व्हॅन माझी, दंड माझे."

"ते तुमचेच. त्याला कोण नाही म्हणतंय?" देवव्रतने व्हिसाचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याला स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं होतं. "तुम्ही त्या दुकानात सेल्समन होतात. इथे तसंच लिहिलंय."

मजीदला संताप यायला हवा होता. आला नाही. देवव्रतने चहा मागवला, तो मजीदने संपवला आणि बाहेर येऊन त्याने बायकोला फोन लावला.

"झालं का काम?" जैतूनने विचारलं.

"नाय. दुकान आपलं नव्हतंच म्हणतात. मी नोकर होतो."

"ते मला ठाऊक होतं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही गावात सगळ्यांना ‘माझं दुकान’ सांगत होतात, म्हणून मी कधी बोलले नाही."

मजीदने व्हिसाच्या कागदाची घडी करून ती इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात घातली.

"मग रविवारी बसवाल्यांना काय सांगायचं?" तिने विचारलं.