सुनीताच्या गाळण्या

अकरा हजार दोनशे माणसांना ठाऊक होतं की सुनीता उघड्या नालीत पडून गेली. त्यांतली चाळीसेक माणसं फिनलंडची होती. चिलीमधले एक प्राध्यापक होते. झाशीचं मात्र एकही माणूस नव्हतं.

हे सुनीताच्या नवऱ्याला, रत्नाकररावांना, त्यांच्या मुलानं, हृषीकेशनं, पुण्याहून फोनवर मोठ्या अभिमानानं सांगितलं. शेवटचं वाक्य सोडून. ते रत्नाकररावांच्या मनात आपोआप आलं.

सिविल लाइंसच्या मागच्या गल्लीत, त्यांच्या घरापासून साठ पावलांवर, केबल टाकणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांनी नालीवरची फरशी उचलली होती आणि परत ठेवली नव्हती. कार्तिकात संध्याकाळी कोथिंबीर आणायला गेलेल्या सुनीताचा पाय तिथं गेला. खुब्याचं हाड मोडलं. तीन आठवडे दवाखान्यात काढून ती गेली. नाली अजून उघडीच होती. दुधाला जाताना रत्नाकरराव लांबचा फेरा घालत. त्यांना आता आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. तिथं फरशी बसावी आणि दुसऱ्या कुणाची बायको त्या खड्ड्यात जाऊ नये.

हृषीकेश म्हणाला, "बाबा, मी बघतो. हेच तर माझं काम आहे."

त्याचं काम म्हणजे मोहिमा चालवणं. त्यानं इंटरनेटवर इंग्रजीत सह्यांची मोहीम काढली, 'अ स्टेप फॉर सुनीता'. निळ्या रंगात पावलाचं चित्र. नालीशेजारच्या खांबावर चिकटवायला त्यानं पोस्टर पाठवलं, तेही इंग्रजीत. रत्नाकररावांनी ते चिकटवलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बकरीनं खालचा अर्धा भाग खाल्ला.

मग एक दिवस दुपारी सह्या करणाऱ्यांची व्हिडिओवर सभा झाली. हृषीकेशच्या ऑफिसातली अनुया आधी म्हणाली, "काका, तुम्ही मराठीत बोला, मी भाषांतर करीन. फक्त मनातलं सांगा. तीन मिनिटं."

रत्नाकररावांनी मनातलं सांगितलं. "फरशी चार फूट बाय दोन फूट. जाडी चार इंच. आत सळई हवी, नाहीतर ट्रॅक्टर गेला की तडकेल." कारखान्यात अडतीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाच्या मनात दुसरं काय असणार?

अनुयानं त्याचं काय भाषांतर केलं देव जाणे, फिनलंडच्या बाई रडल्या.

नंतर अनुया हळूच म्हणाली, "काका, पुढच्या वेळी मापं नकोत हं. लोक कंटाळतात."

"मापं नकोत तर फरशी कशी बसवणार बाळ?"

"फरशी हे प्रतीक आहे, काका."

रत्नाकररावांनी हृषीकेशला विचारलं, "हे सगळं चांगलंय रे. पण फरशी कोण टाकणार? फिनलंड?"

"बाबा, बाहेरून दबाव आला की आतले हलतात."

"बाहेरून म्हणजे किती बाहेरून? मला वाटलं होतं आपल्या बाजारापर्यंत, मानिक चौकापर्यंत."

हृषीकेशनं नव्या सह्यांचा आकडा सांगितला. आईसाठी पोरगा दिवसरात्र खपत होता हे रत्नाकररावांना दिसत होतं, म्हणून त्यांनी विषय ताणला नाही.

संक्रांत आली. वर्ष सरलं नव्हतं, घरात सण नव्हता. शाल काढायला म्हणून त्यांनी सुनीताची पेटी उघडली, तर आत चहाच्या गाळण्या. स्टीलच्या, एकात एक बसवलेल्या, चौतीस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण तिनं दसऱ्यालाच मानिक चौकातून आणून ठेवलं होतं. सोबत वही. त्यात चौतीस बायकांची नावं आणि पुढं तिच्या अक्षरात शेरे. 'शुक्लाइन, तोंडाची तिखट, पण सगळ्यांच्या आधी येते.' 'जेईबाबूंची बायको, चहात साखर नको.' झाशीत मराठी घरं मोजकी, तेव्हा सुनीताच्या यादीत बुंदेली, पंजाबी, बंगाली सगळ्या होत्या. तिळगूळ कसा खायचा हे तिनंच त्यांना शिकवलं होतं.

रत्नाकररावांनी गाळण्या पिशवीत भरल्या आणि निघाले.

समोरच्या शिल्पावहिनींनी दारातच अडवलं. "अहो भावोजी, हळदीकुंकू बायकांचं असतं. आणि तुमच्याकडे यंदा सण नाही!"

"सण करत नाहीये वहिनी. तिचं सामान पोचवतोय."

शिल्पावहिनींनी गाळणी घेतली, पदर डोळ्यांना लावला. "कसा अचानक अटॅक आला हो त्यांना."

रत्नाकरराव पायरीवरच थांबले.

अटॅक. हे त्यांनीच सांगितलं होतं. पहिल्या रात्री दवाखान्यातून परतल्यापासून जो भेटला त्याला, 'हार्टचं झालंय, भेटायला सोडत नाहीत.' चौतीस घरांत जिचा मान होता ती बाई नालीत पडून गेली, हे सांगायला त्यांची जीभ वळली नव्हती. मुलाला खरं सांगितलं, मुलानं जगाला सांगितलं. गल्लीला कुणीच सांगितलं नाही.

"अटॅक नव्हता वहिनी," ते म्हणाले. "त्या खांबापाशी फरशी नाही ना, तिथं पडली ती."

मग प्रत्येक दारात त्यांनी तेच सांगितलं. आधी गाळणी, मग फरशी. चार बाय दोन, जाडी चार इंच. एकीलाही मापांचा कंटाळा आला नाही. दोघींचे नवरे तिथंच स्कूटरसकट पडले होते म्हणे, त्यांनीही लाजेनं सांगितलं नव्हतं.

शुक्लाइन तर कडाडली. "काए भाईसाब, हमें काए नईं बताओ? दो महीना से मुँह में दही जमाएँ बैठे?"

"पोस्टर लावलं होतं," रत्नाकरराव हिंदीत पुटपुटले.

"बो अंगरेजी बारो? बो तो बकरिया पढ़ गई!"

जेईबाबू म्हणजे इंद्रजीत बाबू, रस्त्यांच्या कामावरचे ज्युनियर इंजिनियर. ते मागच्याच गल्लीत राहत, आणि त्यांच्या ऑफिसात कुठल्या परदेशी माणसाची चिठ्ठी आल्याचं त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या बायकोनं गाळणी दोन्ही हातांनी घेतली, डोक्याला लावली आणि जेवायला बसलेल्या नवऱ्याला आतून बाहेर बोलावलं. "सुन लीजिए, भाईसाब क्या कह रहे हैं. रोटी बाद में."

इंद्रजीत बाबू म्हणाले, "करवाते हैं, फाइल चलानी पड़ेगी."

"तो चलाइए. तब तक चाय बिना छनी मिलेगी."

दुसऱ्या दिवशी सकाळी शुक्लाइननं घरची खाट आणून खड्ड्यावर आडवी टाकली आणि वर स्वतः बसली. तिच्या शेजारी आणखी सात-आठ जणी स्वेटर विणत बसल्या. गल्ली बंद. दुधाच्या गाड्या अडल्या, शाळेच्या रिक्षा अडल्या, पार्षद, म्हणजे तिथले नगरसेवक, स्वतः चालत आले आणि म्हणाले, "अरे, हमें तो किसी ने बताया ही नहीं!" यावर शुक्लाइन जे बोलली ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

चौथ्या दिवशी फरशी बसली. रत्नाकररावांनी टेप लावून पाहिली. जाडी साडेतीन इंच भरली. सळई होती. चालेल म्हणाले.

संध्याकाळी हृषीकेशचा फोन. "बाबा, जिंकलो! चौदा हजार सह्या झाल्या होत्या. फिनलंडच्या बाईंना आनंदानं रडू आलं."

"त्यांना माझा नमस्कार सांग," रत्नाकरराव म्हणाले. "आणि शुक्लाइनला फोन कर. ती तुला लहानपणी खेळवायची."

"करतो. तुम्ही फरशीवर उभं राहून एक फोटो पाठवा ना, समारोपाला लागेल."

सकाळी ते दुधाला निघाले ते लांबचा फेरा न घालता. खांबापाशी आले तर फरशीभर शुक्लाइनच्या मुगाच्या बड्या, म्हणजे आपले सांडगे, वाळत पडलेल्या. उभं राहायला जागा नव्हती.

"ए भाईसाब, बड़ी पे पाँव जिन धरियो!" ती दारातून ओरडली.

कडेला हातभर जागा होती. रत्नाकररावांनी तिथं आधी एक पाय टेकला, भार देऊन पाहिला, मग दुसरा. फरशी हलली नाही. ते पलीकडे गेले आणि कोथिंबीरवाल्याच्या हातगाडीपाशी थांबले.