आयझॅकची चाल

दफनभूमीवरच्या छपराखाली त्या रविवारी वार्षिक स्मरणसभेला त्रेचाळीस माणसं होती, आठ बाकं, मक्याच्या पावाची चार ताटं, घेवड्याची दोन पातेली आणि एक मायक्रोफोन. मायक्रोफोन कर्टिसने आणला होता. या डोंगरातलं भजन देवाला इतकी वर्षं वाद्यांशिवाय, यंत्रांशिवाय ऐकू येत होतं. कर्टिसला बहुधा शंका होती.

"आत्या, आपल्या घराण्याचा वारसा आहे हा. जगापर्यंत पोचायला नको?"

"जगाने मागितलाय का?" ऑर्फा म्हणाली.

त्याच्या शर्टावर 'कॉडिल घराणं, सातवी पिढी' असं दोऱ्याने भरलेलं होतं. ऑर्फाने बोटांवर मोजलं. पाचवी.

तिच्या वडिलांची, आयझॅकची, चाल कागदावर कुठेच नव्हती. भजनांच्या पुस्तकात नुसते शब्द. चाली डोक्यात ठेवायच्या. पुढे उभा असलेला ओळ देतो, म्हणजे ती भरभर सांगतो, मग बाकीचे ती संथ ओढत गातात. आयझॅकची चाल पुरती येणारी आता एकटी ऑर्फाच उरली होती, आणि इथे बायका ओळ देत नाहीत. आज तरुण कानांवर ती नीट पडली नाही, तर संपलीच. कर्टिस शिकायला येईल म्हणून तिने दोन हिवाळे वाट पाहिली. तो एकदा आला, घराचे फोटो काढून गेला.

आज पुढे उभं राहून कर्टिसने ओळ दिली. आयझॅकची चाल आठ-आठ अक्षरांच्या ओळींची, आणि या पठ्ठ्याने निवडलेल्या भजनात दुसरी ओळ सहाची. पहिली निभावली. दुसरीत शब्द संपले, चाल उरली. बाकांमागून बाकं गप्प झाली.

"मंडळी, जरा जोर लावा," कर्टिस मायक्रोफोनमधून म्हणाला.

"कशाला लावायचा, बाळा? शब्द तर केव्हाच संपले," ऑर्फा बसल्या जागेवरून म्हणाली. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

मग पुस्तक न उघडता तिने त्याच चालीवर आठ-आठ अक्षरांचं भजन धरलं आणि स्वतःच ओळ दिली. सभेचे वडीलधारे हॅस्केलभाऊ डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले आणि सगळ्यांच्या आधी सूर लावला.

चार कडव्यांना साडेअकरा मिनिटं लागली. तिशीच्या आतले नऊ जण होते. चौथ्या कडव्यात सहा जणांनी चाल शेवटपर्यंत धरली.